उंदरांवरच्या प्रयोगांचे पैसे गगनयानाला द्यायचे?

सध्या एक मेसेज फिरतोय. ‘माणूस अंतराळात गेला म्हणून जगाला टेफ्लॉन, वेल्क्रो, एमआरआय मिळालं. नुसती यंत्रं पाठवून खरं विज्ञान होत नाही. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं उंदीर कापत बसलेल्यांचे पैसे बंद करा आणि गगनयानाला द्या, देशाची मान उंचावेल.’ गगनयान म्हणजे भारतीय माणसाला आपल्याच यानातून अंतराळात पाठवायची मोहीम. आमच्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज माझ्या दाजींनी टाकला. त्यांची स्वतःची मुलगी, माझी भाची, सापाच्या विषावर पीएचडी करतेय आणि तिची फेलोशिप कित्येक महिने अडकलेली आहे. तिने मेसेज वाचला आणि गप्प राहिली. मला गप्प बसवत नाही.

टेफ्लॉनचं आधी उरकतो. ते 1938 साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत सापडलं. तेव्हा अंतराळात माणूस सोडा, उपग्रहसुद्धा नव्हता. वेल्क्रो हे स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांचं काम. कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून त्यांना ते सुचलं. एमआरआयसाठी लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना 2003 चं नोबेल मिळालं, त्यांच्यापैकी कुणीही अंतराळवीर नव्हतं. तीन उदाहरणं दिली आणि तिन्ही खोटी.

यंत्रं पाठवून विज्ञान होत नाही? 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं तेव्हा याच ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. त्यात माणूस नव्हता. चीनच्या चांग-अ-6 ने 2024 मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची जवळपास दोन किलो माती आणली, तीही माणसाशिवाय. आता एक गोष्ट मान्य करावी लागते. अंतराळातल्या हबल दुर्बिणीची दृष्टी 1993 मध्ये अंतराळवीरांनीच जाऊन सुधारली आणि अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतल्या लोकांनी चंद्रावरून 382 किलो दगडमाती आणली. तेवढं काम तेव्हाच्या यंत्रांना जमलं नसतं. पण चंद्रावर चाललेल्या बारा जणांत पेशाने भूवैज्ञानिक एकच होता, हॅरिसन श्मिट, आणि त्याची पाळी आली शेवटच्या मोहिमेत. चंद्रावर पोचायची ती शर्यत विज्ञानासाठी नव्हती, हे यावरून कळतं.

पैशांचा हिशेब तर सरकारनेच मांडून ठेवलाय. 18 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयानाचा एकूण निधी वाढवून 20,193 कोटी केला. त्यात भारताच्या नियोजित अंतराळ स्थानकाचा पहिला भागही धरला आहे. त्याच दिवशी चंद्राची माती आणणाऱ्या चांद्रयान-4 ला 2,104 कोटी आणि शुक्राच्या मोहिमेला 1,236 कोटी मंजूर झाले. या दोन्ही मोहिमा मिळून गगनयानाच्या सहाव्या हिश्शाएवढ्या. गगनयान उपाशी आहे म्हणून दुसऱ्याच्या ताटातलं काढा, असं म्हणायला आधार काय?

आता उंदरांविषयी, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय. आपल्याकडे सर्पदंशाने दरवर्षी सुमारे 58,000 माणसं मरतात, बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. साप चावल्यावर जी लस, म्हणजे विषावरचा उतारा, टोचतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष घोड्यांना थोडं थोडं देऊन त्यांच्या रक्तातून तयार होते. पण एका भागातल्या घोणसाचं विष दुसऱ्या भागातल्या घोणसासारखं नसतं, म्हणून तीच लस एकीकडे चालते आणि दुसरीकडे कमी पडते. किती कमी पडते, हे मोजायचं कसं? विष आणि लस एकत्र करून उंदरांना टोचतात आणि किती वाचले ते बघतात. माझी भाची हेच करते. दाजींच्या मेसेजात ज्याला उंदीर कापणं म्हटलंय, त्यावर उद्या त्यांच्याच शेतात गवत कापणाऱ्या बाईचा जीव अवलंबून असेल.

आणि हे काम फार पैसे मागत नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रक्तदाबाचं साधं औषध, प्राझोसिन, विंचूदंशावर वापरून दाखवलं. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या शंभर रुग्णांमागे चाळीसेक जात होते, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. असा एखादा बावस्कर आज फेलोशिपची वाट बघत बसला असेल आणि आपण त्याचेच पैसे थांबवा म्हणतोय.

राहता राहिला अभिमान. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा मलाही भरून आलं होतं. गगनयान व्हावं, अभिमानासाठी व्हावं, आणि सरकारने ते तसं सरळ सांगावं. पण शुक्लांनी तिथे काय केलं तेही बघा. त्यांनी मूग आणि मेथी रुजवली. तो प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आखून दिला होता, आणि दाजींच्या मेसेजप्रमाणे ज्यांचे पैसे बंद करायचे त्या प्रयोगशाळा अशाच आहेत.