डिग्री नको म्हणणाऱ्यांनी आधी शिकवायचं कोणी ते सांगावं

मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर हल्ली मला माझ्याच देशाचा, म्हणजे मी राहतो त्या देशाचा, दाखला ऐकवला जातो. "तुमच्या जर्मनीत कुठे डिग्री विचारतात? काम आलं की झालं!" मुलुंडचे आमचे भावजी तर हटूनच बसलेत. भाच्याची एम-थ्रीची, म्हणजे इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या गणिताची, केटी (नापास विषय) सुटत नाही, पण अंधेरीच्या एका छोट्या ऑफिसात तो अ‍ॅप बनवतो आणि चांगलं बनवतो. मग इंजिनीअरिंग सोडलं तर बिघडलं काय, असं त्यांचं म्हणणं.

भावजी, ज्या देशात केस कापायचं स्वतःचं दुकान काढायला साधारणपणे माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद कारागीर, व्हावं लागतं, तिथला दाखला देताय तुम्ही! आमचा डेटाबेस सांभाळणारा सहकारी विद्यापीठात गेलेला नाही, हे खरं. पण त्याने 3 वर्षं आउसबिल्डुंग, म्हणजे कामावर राहून शिकायचं प्रशिक्षण, केलंय. कंपनीत काम, सोबत बेरुफ्सशूले म्हणजे व्यवसायशाळा, पहिल्या महिन्यापासून पैसे आणि शेवटी आयएचकेची, म्हणजे उद्योग-व्यापार मंडळाची, परीक्षा. कामात तो माझ्यापेक्षा सरस आहे, कारण त्याला कोणीतरी बसवून शिकवलं.

नोव्हेंबर 2023 पासून आयटीवाल्यांना पदवीशिवायही ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, मिळू शकतं, ही बातमी भावजी मला पुन्हा पुन्हा पाठवतात. अटी मात्र वाचत नाहीत. मागच्या 7 वर्षांत किमान 3 वर्षांचा, पदवीच्या तोडीचा अनुभव हवा, तो सिद्ध करायला हवा, वर ठरलेल्या रकमेइतक्या पगाराची नोकरी हातात हवी. भाच्याला पगार रोख मिळतो. नेमणुकीचं पत्रसुद्धा नाही. उद्या तो कोणाला काय दाखवणार?

तिकडच्या कंपन्यांचीही बाजू मी घेत नाही. दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे 60 टक्के आणि एकही केटी नको, ही चाळण मला संतापजनक वाटते. अठराव्या वर्षी गणितात नापास झालेला मुलगा बाविसाव्या वर्षी उत्तम प्रोग्रॅमर असू शकतो. पण चाळण काढली की पुढे लगेच "2 वर्षांचा अनुभव हवा". तो द्यायचा कोणी? आपल्याकडे 1961 पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा नियम आहे. ऐरोली-पवईच्या काचेच्या इमारतींत किती शिकाऊ मुलं बसतात, यावर वाद घाला की. तो कोणी घालत नाही.

भावजींना मी कागदाला चिकटलेला वाटतो. चिकटलेलो आहेच. इथे आलो तेव्हा माझी शाळा, माझी गल्ली, मी कोणाचा मुलगा, यातलं काहीही कोणाला ठाऊक नव्हतं. मुंबई विद्यापीठाचं नाव तेवढं त्यांच्या अनाबिनच्या, म्हणजे परदेशी विद्यापीठं-पदव्यांच्या सरकारी, यादीत सापडलं, आणि माझ्या सगळ्या मुंबईपैकी तेवढीच गोष्ट इथल्या सरकारने खरी मानली. अजूनही इथे मला आपलं म्हणणारं फारसं कोणी नाही. मुलुंडमध्ये भाच्याला सगळे ओळखतात, म्हणून भावजींना कागद फुकट वाटतो. पोराला बाहेर पडायचंय, हे मात्र त्याने मला सांगितलंय, त्यांना नाही.