हक्कभंगाला जाताना बॅगेत काय भरावं

संपादक झालात? अभिनंदन! अग्रलेखाचं नंतर बघू, आधी बॅग भरा. दोन कपडे, दाढीचं सामान, बीपीच्या गोळ्या. बॅग दाराशीच असू द्या, चपलांशेजारी.

'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या होमी मिस्त्रींना मार्च १९५२ मध्ये मुंबईत उचललं आणि थेट लखनौला नेलं. का, तर उत्तर प्रदेश विधानसभेचा हक्कभंग, म्हणजे सभागृहाच्या विशेष हक्कांचा भंग, झाला होता. ठेवलं कुठे? हॉटेलात! आठवडाभर! पाहुणचाराच्या गडबडीत २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं तेवढं राहून गेलं, आणि एवढ्याशा कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं.

आता तुम्ही भाबडेपणाने म्हणाल, 'आमदारांच्या हक्कांची यादी द्या, म्हणजे भंग करणार नाही.' अहो, हळू बोला. घटनेची १०५ आणि १९४ ही कलमं म्हणतात, कायदा करून हक्क ठरवा. तोवर ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सचे ते आपले. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कॉमन्सचं नाव गाळलं, हक्क शाबूत ठेवले. कायदा अजून व्हायचाय. म्हणजे हक्क कोणता होता हे तो मोडल्यावर कळणार. लग्नघरातल्या मानपानासारखंच आहे हे.

विनोद तर छापूच नका. 'आनंद विकटन' या तमिळ साप्ताहिकाच्या संपादकांनी १९८७ साली मुखपृष्ठावर आमदार-मंत्र्यांची थट्टा छापली. तमिळनाडू विधानसभेने तीन महिने तुरुंगवास सुनावला. ओरड झाली, काही दिवसांत सुटले. पुढे न्यायालयाने भरपाई दिली, १००० रुपये. एका विनोदाला वाईट नाही. आमच्याकडे दिवाळी अंकवाले एवढंही देत नाहीत.

न्याय कोण करणार, ही चिंता सोडा. घरचाच मामला असतो. २०१७ मध्ये कर्नाटक विधानसभेने दोन संपादकांना एक वर्षाची कैद आणि १०,००० रुपये दंड ठोठावला. शिक्षा जाहीर करणारे अध्यक्ष त्यातल्या एका प्रकरणात स्वतःच तक्रारदार होते. उगाच परक्या माणसाला तसदी कशाला?

राहता राहिला शेवटचा प्रश्न. विधानसभेच्या हक्कभंग समितीने विचारलं, 'बातमी कुणी दिली?' तर छाती काढून सांगा, की प्रेस कौन्सिल (वृत्तपत्रांवर नजर ठेवणारी संस्था) कायद्याच्या १५व्या कलमानुसार पत्रकारावर बातमीचा स्रोत सांगायची सक्ती करता येत नाही. फक्त हे संरक्षण प्रेस कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतंच आहे. तेव्हा समितीच्या अध्यक्षांना अदबीने विनंती करा, 'साहेब, सुनावणी तिकडे घेता का?' आणि हे विचारताना बॅग हातात असू द्या.