फ्लाय बांधायला किट कशाला? आधी जवारी कोंबडा बघा

गळ टाकणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो खानापूरच्या मित्राकडून आला, मग निपाणीच्या मेहुण्याकडून. फ्लाय, म्हणजे गळावर पिसं, लोकर, दोरा बांधून उभं केलेलं किड्याचं नाहीतर बारक्या माशाचं सोंग, घरी बांधायला शिकणाऱ्यांसाठी त्यात चार सल्ले आहेत. पहिला, परदेशी पद्धतीचं भरगच्च किट घ्या. दुसरा, आपल्याकडच्या कोंबड्याची पिसं कुचकामी असतात. तिसरा, शिलाईच्या दोऱ्याला हात लावू नका. आणि चौथा, पैसे नसतील तर रानात जा, पिसं आणि केस फुकट मिळतात.

किटचं आधी सांगतो, कारण त्यात मी स्वतः फसलोय. माझ्या डब्यात रंगीत पिसांच्या अठरा पुड्या होत्या. त्यातल्या चार वापरल्या, बाकीच्यांना कसर लागली. हे किट साधारणपणे ट्राउट हा थंड पाण्यातला मासा डोळ्यांसमोर ठेवून भरलेलं असतं, पाण्यावर तरंगणाऱ्या नाजूक ड्राय फ्लायचं सामान त्यात जास्त. दक्षिणेत ट्राउट आहे तो निलगिरीत आणि मुन्नारला. आपल्या तळ्यांत चिलापी, मरळ आणि नदीत नशीब असेल तर महसीर. ह्यांच्यासाठी बहुतेक वेळा पाण्याखाली चालणारी, जरा जाड फ्लाय लागते. म्हणून सामान घेण्याआधी एकच फ्लाय ठरवा. मी वुली बगर सांगेन : मऊ शेपटी, लोकरीचं अंग, त्यावर गुंडाळलेलं एक लांब पीस, संपलं. त्याला लागेल तेवढंच घ्या आणि तीच वीस वेळा बांधा.

आता कोंबडा. इथं मेसेजवाल्यानं अर्धी गोष्ट ऐकलेली दिसते. ड्राय फ्लायला पिसाचे तंतू ताठ आणि आखूड लागतात, म्हणजे ती पाण्यावर उभी राहते. त्यासाठी परदेशात पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खास कोंबडे तयार केलेत, आणि त्या पिसांशी आपल्या कोंबड्याची बरोबरी नाही हे खरंच. पण हे खास कोंबडे बाजारात रुळण्याआधी जगभरचे लोक ड्राय फ्लाय बांधत होते ते बऱ्याच अंशी भारतातून गेलेल्या कोंबड्यांच्या मानांवर, म्हणजे मानेच्या पिसांसकट कातडीवर. आजही ‘इंडियन केप’ नावानं त्या स्वस्तात विकल्या जातात. पाण्याखालच्या फ्लायला तर उलटंच हवं असतं : पीस मऊ, पाणी पिणारं, ओढलं की हलणारं.

फक्त ब्रॉयलर नको. तो सहा आठवड्यांत कापला जातो, तोवर त्याचं पीस पिकलेलंच नसतं. पाहिजे तो जवारी, म्हणजे गावठी कोंबडा, वर्षभराचा तरी. पाठीवरची शेपटाकडे उतरणारी लांब पिसं अंगावर गुंडाळायला, आणि पोटाखालचा भुरभुरीत पिसारा शेपटीला. ह्या शेपटीसाठी किटमध्ये ‘माराबू’ देतात. पूर्वी ते माराबू करकोच्याचं असायचं, आता नाव तेच राहिलंय आणि पीस पाळीव टर्कीचं असतं. मग कोंबडीचं का नको? गावच्या जत्रेनंतर पोतंभर पिसं उकिरड्यावर जातात. मी पहिल्यांदा मागितली तेव्हा दुकानदार म्हणाला, “कशाला ओ? उशी भरताय काय?” आणल्यावर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, पिशवीत बांधून दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढा, परत ठेवा. त्यानं कीड मरते. (घरात आधी विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं.)

लोकरीला तर आपल्या भागात तोटाच नाही. धनगराच्या घोंगडीची काळी, राठ लोकर चांगली धुतली की पाणी पिते आणि बुडते, म्हणजे इथं तिचा राठपणा कामालाच येतो. दोऱ्याला मेण चोळून तिचे तंतू त्यावर वळायचे आणि गुंडाळायचे. तरंगणाऱ्या फ्लायला मात्र ती चालणार नाही.

दोऱ्याबद्दल थोडक्यात. शिंप्याचा दोरा जाड आणि पिळाचा असतो, गळाच्या डोक्याशी त्याचा गोळा होतो. १४ नंबरच्या बारीक गळावर तो नकोच. ६ नंबरवर खुशाल शिका. (हे नंबर उलटे चालतात, आकडा मोठा तसा गळ लहान.) ज्यांना दोऱ्याचं फारच वाटतं त्यांच्यासाठी सांगतो : इंग्लंडच्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर आपली प्रसिद्ध फेझंट टेल निम्फ (फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची, पाण्याखालच्या किड्याचं सोंग घेणारी फ्लाय) दोरा न घेताच बांधायचा, तांब्याच्या बारीक तारेनं. पंपाची मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडे जा, बारीक तारेचे तुकडे हातभर मिळतात. शेवटच्या गाठीवर नखांचं बिनरंगी पॉलिश लावा, सुटत नाही.

चौथा सल्ला वाचून मात्र राग आला. खानापूरच्या रानात, भीमगडच्या बाजूला, राखी रानकोंबडा आहे. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकाकणारे ठिपके असतात. साल्मन माशासाठीच्या नटव्या फ्लायांना डोळे लावायला विलायतेत त्यांना एवढी मागणी होती की ह्या पक्ष्याची त्यासाठी शिकार व्हायची. आता निर्यातीवर बंदी आहे, तिकडे हे पक्षी पिंजऱ्यात वाढवतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानकोंबड्याची मान असो की सांबराचे केस, रानातून आणणं गुन्हा आहे. लांब केसच पाहिजेत तर शेळीचे घ्या. मोराच्या पिसाऱ्याला देशात त्या कायद्यात सवलत आहे, पण ती आपसूक गळलेल्या पिसापुरती धरा. मोराला हात लावायचा नाही. त्याचे तंतू दिसतात झकास, पण माशाचा दात लागला की तुटतात, म्हणून वरून तीच तांब्याची तार उलट्या दिशेनं फिरवा.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही तिथं पैसे घाला : गळ. बाजारातले बरेच स्वस्त गळ चपट्या टोकाचे, बिनभोकाचे असतात, ते टाळा. गळाची दोरी ओवायला भोक असलेला घ्या. एक गळ पकडीत धरून अंगठ्यानं थोडा वाकवा. परत सरळ झाला तर ठीक. वाकलेलाच राहिला किंवा कटकन तुटला तर तो डबा दुकानातच ठेवून या.