कुलूप उघडेपर्यंत

बाहेर तीन-तीन तास मी सज्जन माणूस असतो. भाजी घेतो, बँकेच्या रांगेत उभा राहतो. पण आमच्या जिन्यात खिशातली किल्ली हाताला लागली, की ओटीपोटातले गृहस्थ जागे होतात. किल्ली कुलपात शिरेपर्यंत दारात माझं अर्धं भरतनाट्यम झालेलं असतं.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. साखर नाही, जंतू नाहीत, प्रोस्टेट वयाच्या मानाने शहाणा. "मूत्राशय अतिक्रियाशील आहे," डॉक्टर म्हणाले, "भरायच्या आधीच आकुंचन पावतं." चौतीस वर्षं कारकुनी केली, पण मला क्रियाशील कुणी म्हटलं नव्हतं.

गोळी नंतर, आधी डायरी. तीन दिवस काय प्यालात, कधी गेलात, किती झाली, सगळं लिहायचं. मोजायला मी ओट्यावरचं मापाचं भांडं उचललं, तर हिने ते हातातून हिसकावून घेतलं. नवं आणलं. त्यावर हिने मार्करने ठळक 'यांचे' असं लिहिलं. हिशेब निघाला: दिवसाला १४ खेपा, आणि दर खेपेला जेमतेम १०० मिली. मूत्राशयात ३००-४०० सहज मावतं म्हणे. वडापवाला जीप भरल्याशिवाय हलत नाही. आमची गाडी दोन सीटांवर सुटते.

मग शिस्त. आधी तासातासाने जायचं, दर आठवड्याला मधलं अंतर १५ मिनिटांनी वाढवायचं. चहा सहावरून दोनवर (खरं दुखणं हेच). पाणी मात्र तोडायचं नाही. लघवी घट्ट झाली की मूत्राशय जास्तच चिडतं. शिवाय केगेल. खालचे स्नायू आवळा, पाच मोजा, सोडा. या नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली बायकांसाठी मांडलेला हा व्यायाम मी बातम्या बघताना करतो. "चेहरा असा का झालाय?" ही विचारते. मी महागाईवर ढकलतो.

दोन महिन्यांत खेपा दहावर आल्या. मग डॉक्टरांनी सोबत गोळीही दिली. तिने तोंड कोरडं पडतं. कोरडं पडलं की पाणी, आणि पाणी प्यालं की… असो. सध्या बडीशेप चघळतो.

सगळ्यात अवघड नियम म्हणजे घाई लागली की पळायचं नाही. जागच्या जागी थांबायचं, पाच-सहा वेळा झटपट आवळायचं. त्याने मूत्राशयाला 'थांब' असा निरोप जातो. परवा दारात तेच करत होतो, तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले आणि पाण्याच्या टाकीची गळती सुरू झाली. म्हणजे तिच्यावरचं भाषण. मी ओठ मिटून, नजर कुलपावर रोखून उभा. लाट ओसरली तेव्हा काका गहिवरले होते.

"इतकं शांतपणे या सोसायटीत कुणी ऐकून घेत नाही हो. यंदा सेक्रेटरी तुम्हीच."

बैठका दोन-दोन तास चालतात.