त्या ३ पैकी २ धावा स्कीन्सच्या नावावर टाकू नका

तुमच्या लेखात म्हटलंय की बेसबॉलमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर (बॉल टाकणारा) पॉल स्कीन्स याचं पदार्पण साधारणच झालं, ४ इनिंगमध्ये ३ धावा दिल्या. हे अजिबात पटलं नाही. ११ मे २०२४ ला मी पायरेट्सच्या पीएनसी पार्क मैदानात होतो, समोर शिकागो कब्जचा संघ. हा पोरगा पाचव्या इनिंगमध्ये बाहेर गेला तेव्हा पायरेट्स ६-१ ने पुढे होते, ७ स्ट्राइकआउट (बॅटर थेट बाद) झालेले, ताशी १०० मैलांच्या वरचे बॉल तर किती टाकले! कब्जचे दोन जण बेसवर ठेवून गेला हे खरं, पण त्यांना घरी आणलं (म्हणजे धावा दिल्या) बुलपेनने, नंतर आलेल्या आपल्याच पिचर्सनी, आणि नियमाने त्या धावा मात्र स्कीन्सच्या खात्यात.

आणि आणलं तरी कसं, कोणी धड मारलं असतं तर समजलं असतं ओ, बेसेस लोडेड (तिन्ही बेस भरलेले) असताना वॉकवर वॉक, म्हणजे चार चुकीचे बॉल टाकून बॅटर फुकट बेसवर आणि समोरच्याला फुकट धाव, त्यात दोन तासांच्या वर पाऊस, लीड गेलीच, आम्ही भिजून बसलेलो आणि बाजूचे काका नुसतं डोकं धरून. शेवटी १०-९ जिंकलो ते बॅटिंगमुळे. स्कीन्सच्या पुढच्याच मॅचला कब्जच्या रिग्ली मैदानावर ह्याच कब्जना त्याने ६ इनिंग एकही हिट दिली नाही, ११ स्ट्राइकआउट, तेही लिहा की.