मोकळ्या वेळेला बांध घाला

नोकरी गेली की पहिला सल्ला हमखास हाच मिळतो: "आता नोकरी शोधणं हीच तुझी फुलटाइम नोकरी समज." ऐकायला फार कर्तबगार वाटतो. माझ्या मते निरुपयोगी आहे. ऑफिसच्या आठ तासांत मीटिंगा, गप्पा, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणं असं सगळं धरलेलं असतं. अर्ज करणं म्हणजे सलग स्वतःची जाहिरात करणं. दोन-अडीच तासांनी डोकं बधिर होतं आणि माणूस तेच पत्र फक्त कंपनीचं नाव बदलून पाठवायला लागतो. कधीकधी तेवढंही बदलायचं राहतं.

त्यापेक्षा सकाळचे अडीच तास ठरवून घ्या. पहिली वीस मिनिटं नवीन जागा पाहायच्या, मग एकच अर्ज, पण त्या कामाला लागू पडेल असा नीट लिहिलेला, आणि शेवटी ओळखीच्या एका माणसाला एक मेसेज. उद्याचं पहिलं काम कागदावर लिहायचं आणि लॅपटॉप मिटायचा. उरलेला दिवस तुमचा, आणि तो बिनदिक्कत तुमचा असायला हवा. खरी अडचण इथंच सुरू होते, कारण मोकळा वेळ मिळाला म्हणजे त्यातून आनंद आपोआप मिळतो असं नाही.

याचा एक जुना पुरावा आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांनी तिथल्या जगण्याचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९३३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वाचनालयाची वर्गणी माफ केली होती, लोकांकडे वेळच वेळ होता, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. रस्त्यानं जाणारे पुरुष हळू चालायचे, मध्येच थांबायचे. घड्याळ वापरणं अनेकांनी सोडलं. बायकांचं मात्र तसं झालं नाही. पगार थांबला तरी घरकाम थांबलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या दिवसाला आकार उरला होता. पुढे याहोडा यांनी मांडलं की नोकरी पगाराबरोबर नकळत आणखी काही देते: वेळेची चौकट, घराबाहेरची माणसं, आपल्यापेक्षा मोठ्या कामात वाटा, ओळख, आणि रोज काहीतरी करायला लागणं. पगार गेल्याचं लगेच कळतं. बाकीचं गेलंय हे कळायला थोडे दिवस जातात.

म्हणून सुरुवात उठण्याच्या वेळेपासून. झोपायची वेळ आपल्या हातात पूर्ण नसते, उठायची असते. ऑफिससाठी सहाला उठत असाल तर आता सात करा, हरकत नाही, पण रोज सातच. उठल्यावर तासाभरात घराबाहेर पडा आणि वीस-तीस मिनिटं चाला. व्यायाम हा यातला वरचा फायदा. मुख्य काम उजेडाचं. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर ढगाळ हवेतसुद्धा तो हजारांत जातो. शरीरातलं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांहून किंचित लांब चालतं आणि सकाळचा उजेड त्याला रोज मागे ओढून जागेवर आणतो. तो चुकला की झोप रोज थोडी थोडी पुढे सरकते आणि बघता बघता माणूस रात्री दोनला जागा आणि सकाळी दहाला अंथरुणात. याला लोक आळस म्हणतात. बहुतेक वेळा तो उजेडाचा अभाव असतो.

दुपारच्या झोपेचं सुख मात्र सोडू नका, नोकरीत ते कुठलं मिळायला! फक्त गजर पंचवीस मिनिटांचा लावा आणि तीनच्या आत उठा. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड राहतं. चारनंतर झोपलात तर रात्रीची झोप दुपारीच खर्च होते, रात्री उशीर होतो, सकाळ जाते, सकाळचा उजेड जातो. चहा-कॉफीचंही तसंच: पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा शेवटचा कप दुपारी दोनच्या आसपास.

पैशाचं एकाच बैठकीत उरका. न टळणारा महिन्याचा खर्च काढा, हातातल्या शिलकीला त्यानं भागा, किती महिने निघतात ते लिहून ठेवा. मग दर आठवड्याला एकदाच हिशेब. रोज खात्यातली रक्कम बघून ती वाढत नाही. आणि करमणुकीच्या रकान्यात शून्य टाकू नका. छोटी का होईना, रक्कम हवी. शून्यावर फार दिवस राहवत नाही आणि मग एकाच दिवशी सगळा बांध फुटतो.

यानंतर घरातलं ते प्रसिद्ध वाक्य: "तू घरीच आहेस ना, मग तेवढं..." प्लंबर येणार आहे, कुरिअर घ्यायचंय, कुणाला तरी सोडायचंय. एकेक काम दहा मिनिटांचं असतं, पण दिवसाचे तुकडे करून टाकतं. भांडण न करता उपाय असा की कामांना वेळ द्यायची: चार ते सहा. "हो, करतो, चारनंतर." एवढं ठाम म्हणता आलं तर सकाळ वाचते.

आता सुखांकडे. कुठलं सुख टिकतं याची माझी कसोटी एकच: त्याला शेवट आहे का? मोबाइलवर बोट फिरवत बसण्याला शेवट नसतो, म्हणून दोन तासांनी उठताना विश्रांती मिळाल्यासारखं वाटत नाही. एक प्रकरण वाचणं, एक कप्पा आवरणं, नदीपर्यंत जाऊन येणं, यांना शेवट आहे. त्यात कामाच्या दिवशी भर दुपारी मोकळं असण्याचं जे खास वैभव आहे ते वापरा: मंगळवारी अकराला वाचनालयात खिडकीजवळची जागा मिळते, बागेतला बाक रिकामा असतो, बसमध्ये बसायला मिळतं.

हातानं करायची छोटी दुरुस्ती या बाबतीत सर्वांत भरवशाची. साधं शर्टाचं बटण घ्या. ते पुन्हा पुन्हा तुटतं, कारण आपण ते कापडाला घट्ट आवळून लावतो. मग काजाच्या कापडाला बटणाखाली जागाच राहत नाही, कापड चुरगळतं आणि लावता-काढताना ताण दोऱ्यावर येतो. हातभर दोरा घ्या. त्याहून लांब घेतला की गुंता होतो. दुहेरी करून टोकाला गाठ मारा. बटणावर, भोकांच्या मधोमध, एक आगकाडी आडवी ठेवा आणि टाके तिच्यावरून घ्या. भोकांच्या प्रत्येक जोडीत चार-पाच टाके पुरतात. काडी काढली की बटण थोडं सैल उचललं जाईल. सुई कापडातून वर, बटणाच्या खाली आणा आणि त्या सैल दोऱ्यांभोवती पाच-सहा घट्ट वेढे द्या. हा छोटा खांबच बटण टिकवतो. सुई मागे काढून दोन गाठी, दोरा कापा. पंधरा मिनिटांत एक काम सुरू होऊन संपलं, आणि ते दिसतंही. नोकरी शोधण्यात नेमकी हीच गोष्ट नसते.

उलट पहिल्या महिन्यात मोठे संकल्प टाळा. घराची रंगरंगोटी, नवी भाषा, सहा महिन्यांचा कोर्स एकदम काढला की अर्धवट राहतो आणि अर्धवट पडलेल्या गोष्टी रोज डोळ्यांसमोर टोचत बसतात.

लोक विचारणारच, "काय मग, सध्या काय?" एक वाक्य तयार ठेवा: "मागचं काम संपलं, याच क्षेत्रात शोधतोय, काही कळलं तर सांगा." तीन तुकडे, त्यातला शेवटचा समोरच्याला काम देणारा. लांबलचक खुलासा केलात की सहानुभूती मिळते, बातमी मिळत नाही. आणि लाज वाटते म्हणून माणसं टाळू नका. आठवड्यातून दोनदा तरी घराबाहेरच्या कुणाशी समोरासमोर बोलणं व्हायला हवं.

शनिवार-रविवार अर्ज पूर्ण बंद. कामाचा दिवसच नसेल तर सुट्टीला चव राहत नाही.

एक गोष्ट मात्र या उपायांच्या पलीकडची आहे. नेहमी आवडणारं काहीच आवडेनासं झालं किंवा मन सतत खिन्न राहिलं, आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ चाललं, तर डॉक्टरांना भेटा. तो शिस्तीचा प्रश्न नसतो. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

आणि नकाराचे ईमेल रात्री उघडू नका. सकाळच्या त्या अडीच तासांतच उघडा, दोन ओळींचं आभाराचं उत्तर टाका, तारीख वहीत नोंदवा आणि पुढच्या अर्जाकडे वळा.