‘टेन्शन आलंय’ म्हणजे नेमकं काय आलंय?

चाचणीत मार्क कमी पडले की बारावीचा मुलगा म्हणतो, टेन्शन आलंय. मित्राने मेसेज बघून उत्तर दिलं नाही, तरी टेन्शन. बाबांनी क्लासच्या फीचा विषय काढला, तरी टेन्शनच. पहिली कदाचित भीती असेल, दुसरं मन दुखावणं, तिसरी अपराधीपणाची बोच. तिन्हींवरचे उपाय वेगळे, पण शब्द एकच असल्यामुळे कुठलाच सुचत नाही.

आपली भावना ओळखणं आणि सांगणं जड जातं, त्याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. हा आजार नव्हे. कमीअधिक प्रमाणात असणारी स्वभावातली अडचण. मोजायला २० विधानांची टोरंटो प्रश्नावली आहे. २० ते १०० गुणांत ६१ किंवा जास्त आले तर अडचण ठळक मानतात. अशी मुलं बहुतेकदा पोट दुखतंय, डोकं जड झालंय एवढंच सांगतात. ‘तुला काय वाटतंय?’ विचारलं की ‘काही नाही’ म्हणतात. तो उद्धटपणा नसतो हो, त्यांना खरंच सांगता येत नाही. म्हणून पर्याय द्या: धाकधूक आहे, चीड आलीय, की ओशाळल्यासारखं वाटतंय? मराठीत शब्दांना तोटा नाही. हिरमुसणं, खंत, असूया, घालमेल… घरात वापरले तरच मुलांच्या तोंडी येतील.

भावनेला नाव सापडलं नाही की मनात त्याच त्या विचारांचं दळण सुरू होतं: ‘माझ्याच बाबतीत असं का?’ या ‘का’ला उत्तर नसतं, पण विचार करतोय म्हणजे काहीतरी करतोय असं वाटत राहतं, म्हणून ते थांबत नाही. ‘विचार करू नकोस’ म्हणून तर मुळीच थांबत नाही. प्रश्न बदलावा लागतो: काय झालं, कुठे अडलं, आता काय करायचं? वहीत दोनच ओळी: ‘मंगळवारी फिजिक्सच्या पेपरात रोटेशनची दोन गणितं अडली. भीती वाटतेय. आज ८ ते ८:४० तीच दोन.’ दहा मिनिटांत वही बंद. तासभर लिहीत बसलं तर वहीतही तेच दळण उतरतं.

आणि कृपा करून ‘खंबीर हो, रडू नकोस’ म्हणू नका. त्यातून मूल लपवायला शिकतं. पडल्यावर सावरायचं तर कुठे लागलंय ते आधी कळावं लागतं.

झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर समुपदेशकाकडे न्या. मरणाची भाषा आली, तर एक दिवसही थांबू नका. मुलाला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.